क्रॉस पुन्हा गेला

सकाळी ६.३०

रात्री माल घेऊन माळशेज उतरलेल्या पिकअप या वेळेला रिकाम्या होऊन परत येतात. आळेफाट्याच्या चौकात बहुतेक जण चहाला थांबतात. एखादा मात्र सरळ आमच्या गॅरेजच्या दारात गाडी लावतो. आज आले ते ओतूरकडचे मामा. श्रावणातली भुरभुर चालू होती. इंजिन चालूच ठेवून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात पुठ्ठ्याचं छोटं खोकं.

“मिस्तरी, मागचा क्रॉस पुन्हा गेला. सामान माझ्याकडं आहे. तेवढा टाकून द्या, चारला टोमॅटो भरायचाय.”

नवा क्रॉस ते गाडीतच बाळगून असतात. हीच गोष्ट मला खटकली. स्टेपनी बाळगावी, पंख्याचा पट्टा बाळगावा, ते शहाणपणाचं. पण मागचा क्रॉस हंगामात परत परत जाणारच, असं धरून कुणी गाडी चालवत असेल तर आपण सगळे मिळून चुकीच्या जागी पैसे घालतोय.

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायला गाडीच्या पोटाखालून नळीचा लांब शाफ्ट जातो. गिअरबॉक्स चेसीला बांधलेला असतो. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर असतो, प्रत्येक खड्ड्याला वर-खाली होणारा. त्यामुळे शाफ्टला फिरता फिरता वाकता यावं लागतं, आणि ते काम अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा, तळहातात मावणारा पोलादाचा तुकडा करतो. चार खुंट, प्रत्येक खुंटावर एक कप, कपाच्या आत बारीक सुया. समोरासमोरचे दोन कप एका योकच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या चिमट्याच्या, कानांत बसतात, उरलेले दोन दुसऱ्या योकच्या. क्रॉस म्हणतो तो हा. गाडीची सगळी ओढ त्या चार खुंटांवरून जाते. किंमत काही शे रुपये, आणि म्हणूनच कुणी त्याच्याकडे नीट बघत नाही. तुटला, बदलला, निघाला.

मामांना सांगितलं, चारचं वचन देत नाही, पण आज नुसता क्रॉस बदलून गाडी सोडणार नाही. ते कुरकुरले. मग चहा सांगितला.

सकाळी ७.००

आधी चालवून बघायची. गाडी वर घेऊन पाना लावायची घाई या कामात फार महागात पडते, कारण आवाज आणि थरथर गाडी चालतानाच सापडतात.

मोकळ्या रस्त्याला लागलो. पहिल्या गिअरला उचलताना खालून ‘टक्’. रिव्हर्स टाकून पुन्हा पहिला टाकला, पुन्हा ‘टक्’. हळू चालवताना चिमण्यांच्या चिवचिवाटासारखा बारीक, लयीत येणारा आवाज. तो कोरड्या सुयांचा. हे दोन्ही आवाज अपेक्षितच होते. मला हवी होती तिसरी गोष्ट. पन्नासच्या पुढे गेलो तशी सीटखाली, पायाखाली थरथर सुरू झाली, साठला पुरती भरली. क्लच दाबून गिअर न्यूट्रल केला, इंजिन मंद झालं, तरी गाडी त्याच वेगात घरंगळत असताना थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. चाकाचं बॅलन्स बिघडलं असतं तर चाकाच्या फेऱ्यांच्या लयीत जड हिसके बसले असते. ही थरथर त्याहून पुष्कळ जलद, गुणगुणत येणारी होती.

हिशेब सोपा आहे. साठच्या वेगाला गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत धरला तर चाकाच्या साडेचारशेवर फेऱ्या होतात. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर चारच्या थोडं वर धरलं तर शाफ्ट मिनिटाला सुमारे १९०० फेऱ्या घेतो. कोनात फिरणारा जॉइंट प्रत्येक फेरीत दोनदा धक्का देतो. म्हणजे मिनिटाला ३८०० धक्के. तीच ती गुणगुण.

“ही थरथर कधीपासून?”

“पाटे वाढवले त्याच्या आधी न्हवती,” मामा म्हणाले. मग थांबून, “का मागचा क्रॉस टाकला तेव्हापासून? ध्यानात न्हाय. रिकामी असली की जास्त, भरली की कमी.”

रिकामी असताना जास्त. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

सकाळी ८.००

गाडी खड्ड्यावर घेतली. जॅकवर मुद्दाम घेतली नाही. चेसी उचलून चाकं लोंबत ठेवली की पाटे सैल होतात, अ‍ॅक्सल खाली जातो आणि शाफ्टचा कोन बदलतो. मग मोजलेलं काहीच खरं राहत नाही. गाडी रस्त्यावर जशी उभी असते तशीच, सपाटीवर, चाकांवर उभी पाहिजे. पुढच्या चाकांना गुटके लावले. शाफ्ट सोडल्यावर गाडी नुसत्या गिअरवर धरत नाही, हे नव्या पोराला पहिल्या दिवशीच सांगावं लागतं.

लोहचुंबकाचा कोनमापक आहे माझ्याकडे. तो एकेका भागावर ठेवत गेलो आणि गॅरेजमधला पोऱ्या वहीत आकडे लिहीत गेला. या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा. पुढचा तुकडा गिअरबॉक्सपासून मधल्या सेंटर बेअरिंगपर्यंत, मागचा तिथून डिफरन्शियलपर्यंत. पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ सरळ रेषेत, त्याची चिंता नाही. मागचा तुकडा मात्र चांगलाच उतरता. मधल्या जॉइंटला कोन नऊ अंश, मागच्या जॉइंटला साडेआठ ते नऊ. दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे डिफरन्शियलच्या पिनियनचं तोंड वर-खाली झालेलं नाही. एक संशय मिटला. पण नऊ अंश जास्त आहेत. लांब पल्ल्याला, वेगात चालणाऱ्या शाफ्टला तीन अंशांच्या आसपासचा कोन सुखाचा. पिकअपसारख्या उंच गाडीला रिकामेपणी थोडा जास्त असतोच, पण नऊ नाही.

कारण समोरच दिसत होतं. मूळ पाट्यांच्या खाली दोन जादा पाटे घातलेले. माल भरल्यावर गाडी बसू नये म्हणून या भागातल्या निम्म्या पिकअपना असे पाटे आहेत. रिकामी झाली की गाडीचा मागचा भाग उचललेलाच राहतो. मागचा शाफ्ट मीटरभर लांबीचा. एक टोक सात सेंटिमीटर वर गेलं की कोन चार अंशांनी वाढतो. मामांची गाडी कल्याणहून रोज सकाळी रिकामी परत येते, मुरबाड, टोकावडे करत पूर्ण घाट चढून, त्या वाढलेल्या कोनात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कोनात असलेला एकटा क्रॉस गती जशीच्या तशी पुढे देत नाही. अलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी पलीकडचा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पाच अंशांना हा फरक वर-खाली जेमतेम ०.४ टक्के. नऊ अंशांना १.२ टक्के. कोन दुप्पट झाला की फरक चौपट होतो. म्हणून शाफ्टला दोन टोकांना दोन जॉइंट देतात आणि असे बसवतात की पहिल्यानं केलेली गडबड दुसरा बरोबर उलट करून पुसून टाकतो. त्यासाठी दोन अटी. दोन्ही कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे कान एका पातळीत हवेत.

पहिली अट पुरी होत होती. दुसरी खाली अंधारात, चिखलाच्या थराखाली होती.

सकाळी ९.३०

सोडण्याआधी खुणा. फ्लँज आणि योक यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ, शाफ्टच्या नळीवर आणि स्लिप जॉइंटवर, म्हणजे शाफ्ट जिथे खाचांवर सरकून लांब-आखूड होतो त्या जोडावर, दुसरी. शाफ्ट कारखान्यातून बॅलन्स होऊन येतो, नळीवर डकवलेल्या लोखंडाच्या छोट्या पट्ट्या त्याच्याच. त्या कुणी हातोडीनं उडवू नयेत आणि फ्लँज उलटा बसवू नये.

चार बोल्ट, मग सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट, आणि शाफ्ट खाली. बेअरिंगचं रबर पहारीनं दाबून बघितलं, अजून जीव आहे.

पोऱ्याला डिझेल आणि तारेचा ब्रश दिला. स्लिप जॉइंटवरचा चिखल निघाला, त्याखालचा रंग निघाला, आणि त्याखाली दोन बाण दिसले. एक नळीवर, एक स्लिपच्या तोंडावर. दोन बाण समोरासमोर यायला हवे होते. आले नव्हते.

खात्रीसाठी शाफ्ट बाकावर आडवा ठेवला, दोन्ही टोकांच्या योकच्या कानांतून एकेक सरळ सळई घातली आणि टोकाकडून डोळा लावून पाहिलं. सळया समांतर दिसायला हव्यात. एक स्पष्ट तिरकी होती. पोऱ्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, “दादा, हे तर कुणालाबी दिसंल.” दिसतं, बघितलं तर. आधी कधीतरी कुठेतरी घाईत स्लिप जॉइंट सुटा झाला, आणि जोडताना एक खाच चुकली. या स्लिपला सोळा खाचा आहेत. एक खाच म्हणजे साडेबावीस अंश.

साडेबावीस अंश ऐकायला थोडे वाटतात. पण गडबड प्रत्येक फेरीत दोनदा होते, म्हणून तिच्या हिशेबात ही चूक दुप्पट, पंचेचाळीस अंशांची मोजली जाते. परिणाम असा की दुसरा जॉइंट पहिल्याची गडबड पुसण्याऐवजी तिचा पाऊण हिस्सा तसाच राहू देतो. जवळजवळ एकाच जॉइंटवर गाडी चालवल्यासारखं. त्यात कोन नऊ अंश. रिकामी गाडी साठनं धावते तेव्हा मिनिटाला ३८०० वेळा हा धक्का एकीकडे डिफरन्शियलच्या आणि दुसरीकडे गिअरबॉक्सच्या वजनाला हलवायला बघतो, आणि तो सोसायचा क्रॉसच्या सुयांनी.

सकाळी १०.३०

आता जुना क्रॉस. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वस्तू हीच, आणि बहुतेक गॅरेजांत तीच पहिल्यांदा भंगाराच्या डब्यात जाते.

लॉक काढले, व्हाइसमध्ये दाबून कप बाहेर काढले, चारही खुंट पुसून उन्हाकडे धरले. सकाळची भुरभुर थांबून जरा ऊन पडलं होतं. दोन खुंट ठीक. तिसऱ्यावर नखाला लागतील अशा बारीक समांतर खाचा, सुयांच्याच रुंदीच्या. असे ठसे एका सपाट्यात येतात, ताकदीच्या मोठ्या धक्क्यानं सुया पोलादात रुतल्या की. चौथा खुंट वेगळा. त्यावर ग्रीसचा थेंब नाही, कपात तांबूस गंजाची भुकटी, सुया अर्ध्या झिजून कशाही पडलेल्या. तिथे ग्रीस कधी पोचलंच नव्हतं.

का पोचलं नाही, तेही निघालं. ग्रीस भरायच्या निप्पलचं तोंड फ्लँजच्या बाजूला करून क्रॉस बसवलेला. तिथे ग्रीस गनचं टोक जातच नाही. तोंड शाफ्टच्या बाजूला असतं तर गेलं असतं. सर्व्हिसला गाडी गेली की बिलावर ‘ग्रीसिंग’ लिहिलेलं असायचं, मामांनी दाखवलं. पाट्यांच्या पिनांना लागलं असेल.

ग्रीस मारताना एकच कसोटी आहे. चारही कपांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागे नवं दिसलं पाहिजे. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही, तर काम झालेलं नाही. शाफ्ट थोडा हलवून, फिरवून, पुन्हा दाब द्यायचा. तीन वंगणलेले खुंट चौथ्याला वाचवत नाहीत. निप्पल नसलेले, कायमचे बंद क्रॉसही बाजारात मिळतात. ग्रीससाठी भोकं पाडलेली नसल्यानं ते अंगानं मजबूत असतात, आणि डांबरी रस्त्यावरच्या गाडीला मी तेच घालीन. पण शेतातल्या चिखलपाण्यात रोज बुडणाऱ्या पिकअपला निप्पलचाच क्रॉस हवा, म्हणजे पाणी शिरलं तरी ग्रीसनं बाहेर ढकलता येतं. अर्थात मारणारा माणूस हवा.

तर तीन गोष्टी झाल्या. चुकलेली खाच, उंचावलेले पाटे, न पोचलेलं ग्रीस. राहिले ते ठसे. ते कुठून आले, याचं उत्तर माझ्याकडे अजून नव्हतं. मामांना विचारलं, भरलेल्या गाडीला सर्वांत जड कुठं जातं? घाटात? ते हसले. भरलेली गाडी घाट उतरते, चढत नाही. मग म्हणाले, “जड जातं ते वावरातून रोडला निघताना. आता पावसात तर इचारूच नका.”

सकाळी ११.३०

नवा क्रॉस घालायचा म्हणून योकचे कान साफ केले आणि नवा कप नुसता लावून पाहिला. एका कानात तो अंगठ्यानं सरळ आत गेला. जाता कामा नये. कप दाबूनच बसला पाहिजे. कानाचं भोक लांबट झालं होतं. आवाज येऊ लागल्यावरही ‘एवढा बाजार करू’ म्हणत गाडी चालवली की सैल कप कानात आपटत राहतो आणि भोक खातो. या फ्लँज योकमध्ये जगातला सगळ्यात चांगला क्रॉस घातला असता, तरी तो दिवाळी बघता ना.

मामांचा चेहरा उतरला. शेजारच्या लेथवाल्यानं मदतीचा हात पुढे केला: कानात वेल्डिंग भरू, भोक पुन्हा बोअर करू, तासाभरात देतो. भला माणूस आहे आणि हात चांगला आहे. पण दोन कानांची भोकं एकाच अक्षावर, एकाच सपाट्यात बोअर व्हायला हवीत. एक कान पकडून केलं आणि केसभर जरी तिरकं झालं, तर क्रॉस पिरगळलेला बसतो. कुणीतरी असंही सुचवलं की कपालाच दोन टाके मारून टाकू. वेल्डिंगच्या उष्णतेनं कपाचं कडक पोलाद मऊ पडतं, सील जळतं, आणि पुढच्या वेळी तो काढताना कानच कापावा लागतो. मी नाही म्हटलं.

इथे मामांशी बोलणं जरा ताणलं गेलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एक दिवस गाडी उभी म्हणजे एक फेरी बुडाली, हप्ता थांबत नाही, आणि तोडलेला टोमॅटो थांबत नाही. मी त्यांना एकच गोष्ट विचारली. भरलेल्या गाडीनं रात्री माळशेज उतरताना मागचा क्रॉस तुटला तर काय होतं?

“गाडी उभी राहती.”

उभी राहत नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, ते याच शाफ्टमधून. शाफ्ट तुटला की इंजिन आणि मागची चाकं यांचा संबंध संपतो. इंजिन मोकळं गुरगुरत राहतं आणि मालानं भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर येते, धुक्यात, वळणावर. वर तुटलेला शाफ्ट फिरत फिरत खालच्या पाइपांवर आपटतो. ब्रेकचा पाइप जवळच असतो. पुढच्या टोकाचा तुटला तर तो रस्त्यात खुपसून गाडी उचलू शकतो.

मामा काही बोलले नाहीत. खिशातून पैसे काढून पोऱ्याच्या हातात दिले. योक नारायणगावला मिळत होता. पोऱ्या दुचाकीवर निघाला.

दुपारी १.००

वाट बघण्याचा वेळ. डबा खाल्ला. एका बोलेरोची ब्रेक पट्टी बदलली.

योक घेऊन परतल्यावर पोऱ्या आयटीआयचं पुस्तक काढून बसला. मोटर मेकॅनिकचा ट्रेड करतोय. त्यात या जॉइंटचं नाव हुक्स जॉइंट. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाचं हे नाव. सूर्याचं निरीक्षण करायच्या उपकरणासाठी त्याला असा जोड हवा होता. युरोपात बऱ्याच ठिकाणी यालाच कार्डन म्हणतात, सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन गणिती आणि वैद्यावरून. मोटारीत तो नीट रुळला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तोवर पुष्कळ मोटारी साखळीवर चालत. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरनं १९०३ साली पेटंट मिळवलं, आणि त्यात जॉइंटला धूळ लागू नये, वंगण आत राहावं म्हणून बंद आवरण होतं. मला ही गोष्ट फार आवडते. गती कशी चढ-उतार करते हे हुकच्या काळातच ठाऊक झालं होतं. सव्वादोनशे वर्षांनी माणसं वंगण आत कसं ठेवायचं यावर डोकं लढवत होती. आमच्या बाकावरच्या चौथ्या खुंटाची अडचण तीच.

दुपारी २.००

बसवायचं काम शांतपणे करायचं. कपातल्या सुया ग्रीसनं भिंतीला चिकटवून उभ्या ठेवायच्या. दाबताना एक जरी सुई आडवी पडून तळाशी गेली की कप दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहतो आणि लॉक बसत नाही. मग लोक हातोडी मारतात. त्या आडव्या सुईवर हातोडी मारणं म्हणजे नवा क्रॉस स्वतःच्या हातानं पुरणं. लॉक बसत नसेल तर कप बाहेर काढायचा आणि बघायचं.

व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा बॉक्स ढकलायला, दुसऱ्या बाजूला मोठा बॉक्स झेलायला, मधे योक. खुंट दोन्ही कपांत राहील असा हातानं धरून हळूहळू आवळायचं. हे पोऱ्यानं केलं, मी फक्त बघत होतो. चारही लॉक खाचेत ‘टिक्’ करून बसले. मग योकच्या कानांवर पितळी दांडीनं हलके ठोके, म्हणजे दाबले गेलेले कप लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. हातानं चारही दिशांना वळवून पाहिला. कुठे अडत नाही, कुठे सैल नाही. निप्पलचं तोंड शाफ्टकडे.

स्लिप जॉइंट बाणासमोर बाण. पुन्हा दोन सळया, पुन्हा डोळा. या वेळी समांतर. बाणांवर पिवळा रंग लावून ठेवला, ठळक, म्हणजे पुढचा कुणीही शाफ्ट सोडेल त्याला ते दिसतील.

शाफ्ट चढवला, फ्लँजला नवे बोल्ट, ग्रीस गन. चारही कपांतून ग्रीस आलं.

दुपारी ३.३०

चाचणी. पन्नास, पंचावन्न, साठ. पायाखालची गुणगुण गेली. पासष्टला किंचित काहीतरी जाणवतं, ते नऊ अंशांचं. ‘टक्’ नाही.

मामा शेजारी बसले होते. हात डॅशबोर्डवर ठेवून म्हणाले, “नवी घेतली तवा अशी चालायची.”

मग पाट्यांचं बोलणं काढलं. एक जादा पाटा तरी काढू या, कोन दोनेक अंशांनी उतरेल. मामा म्हणाले, भाडं कॅरेटवर मिळतं. वीस किलोचं कॅरेट, शंभर कॅरेट म्हणजे दोन टन. गाडीच्या कागदावर दीड टन आहे. पंच्याहत्तर भरली तर पाव भाडं गेलं, आणि बाकीचे शंभर भरणारे आहेतच. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी गाडीचा हिशेब मांडू शकतो: क्रॉस, योक, बुडालेल्या फेऱ्या, टायर, उद्या क्राउन-पिनियन. तो मांडला. शेवटी बाजार बंद असेल त्या दिवशी एक पाटा काढायला येतो म्हणाले. कॅरेटं किती भरणार ते बोलले नाहीत. वहीत लिहिलं: रिकामी नऊ अंश, दोन जादा पाटे अजून आहेत, यू बोल्ट पुढच्या फेरीनंतर पुन्हा आवळायचे.

यू बोल्टांचं मुद्दाम सांगायला हवं. अ‍ॅक्सल पाट्यांना त्यांनीच धरलेला असतो. ते सैल असले तर जोरात उचलताना अ‍ॅक्सल पिळतो, पिनियनचं तोंड वर जातं आणि नऊचे किती होतात ते मोजायला खाली कुणी नसतं.

संध्याकाळी ५.३०

ते ठसे डोक्यातून जात नव्हते. म्हणून कोनमापक घेऊन मामांच्या मागोमाग वावरात गेलो.

टोमॅटोचे मांडव, तारांवर बांधलेले वेल, बायका शेवटची कॅरेटं डोक्यावरून आणत होत्या. पिकअप अर्ध्याहून जास्त भरलेली. ताडपत्रीवर झोपून मागचा कोन मोजला: पाच. रिकामीचे नऊ, भरलेलीचे पाच. म्हणजे माल वाहताना क्रॉसला कोनाचा त्रास कमी, पिळाचा जास्त.

आणि पीळ कुठे बसतो ते समोरच होतं. वावर रस्त्यापेक्षा हातभर खाली. बाहेर निघायला बांध फोडून केलेला एक आखूड, खडा चढ, काळ्या मातीचा, पावसानं लोण्यासारखा झालेला. वर डांबराची कड. गाडी इथून कशी काढता, विचारलं. मामांनी सांगितलं तसंच सगळे करतात: मागून पळवत आणायची, चढावर चाकं गरगरली की क्लच दाबून सोडून, दाबून सोडून रेटायची. चाकं चिखलात मोकळी फिरत असतात तोवर काही होत नाही. फिरतं चाक एकदम डांबराच्या कडेला पकडतं त्या क्षणी सगळं अडतं, आणि इंजिनाचा पीळ, फ्लायव्हीलचा वेग, भरल्या गाडीचं वजन, सगळं त्या चार खुंटांवर येतं. इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर धरा, पहिल्या गिअरचं गुणोत्तर चार धरा, शाफ्टवर ८०० होतात. क्लच एकदम सोडला तर त्या क्षणापुरते त्याहून कितीतरी जास्त. सुया रुततात त्या इथे.

वावराचे मालक तिथेच होते. त्यांना जुना क्रॉस खिशातून काढून तो ठशांचा खुंट दाखवला, नखानं खाचा चाचपायला लावल्या. ते बराच वेळ बघत राहिले. गाडी मामांची आणि चढ यांचा, त्यामुळे हे बोलणं आजवर झालंच नव्हतं.

आजपुरतं असं केलं: वीस-पंचवीस कॅरेटं उतरवून रस्त्यावर नेऊन ठेवली, चढावर उसाचं पाचट आणि विटांचे तुकडे टाकले, आणि मामांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, न पळवता वर आणली. चाक एकदाही गरगरलं नाही. वर आल्यावर उरलेली कॅरेटं चढवली.

“परवा ट्रॅक्टर रिकामा हाये,” मालक म्हणाले. “दोन ट्रॉल्या मुरूम टाकतो, चढ बी जरा लांबवतो.”

मामांनी दोर आवळत सांगितलं, “मुरूम पडस्तोवर गाडी रोडलाच उभी करणार, दाजी. माल तुम्ही वर आणून द्यायचा.”

थोडी घासाघीस झाली. मग ठरलं तसंच.